मुंबई ते न्यूयॉर्क: दोऱ्याने, कॅल्क्युलेटरने आणि शेवटी गणपतींत

आमच्या घाटकोपरच्या गच्चीवरून विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. पूर्वेकडून येऊन मोठ्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांचा रस्ता आमच्या डोक्यावरूनच आहे. लेक न्यू जर्सीला गेल्यापासून माझ्या सासूबाई वाळवण गोळा करायच्या निमित्ताने संध्याकाळी वर येतात आणि प्रत्येक विमानाकडे संशयाने बघतात. एकदा मला म्हणाल्या, "गो, तां न्यूयॉर्क नेमका किती लांब असा?"

मी म्हटलं, पंधरा-सोळा तास.

"तास नको सांगू. आमची सावंतवाडीची एसटीपण पंधरा तास लावायची. लांब किती ता सांग."

मुद्दा बिनतोड होता. मी गेली सत्तावीस वर्षं घरी अकरावी-बारावीचं गणित शिकवते, त्यामुळे फोनवर शोधून आकडा वाचून दाखवणं जिवावर आलं. दोन विमानतळांचे कोड टाकले की अंतर सांगणाऱ्या साइट ढीगभर आहेत, आणि घाई असेल तर तेच करा. पण एकदा तरी हे अंतर हाताने काढून बघा. मग साइटने काहीही दाखवलं तरी ते पटण्यासारखं आहे की नाही हे नजरेला कळतं.

आधी दोरा

नकाशा बाजूला ठेवा. भिंतीवरचा जगाचा नकाशा मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत सरळसरळ फसवतो. त्यावर पट्टी ठेवलीत तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी पश्चिमेला जाते, आणि तोच जवळचा रस्ता वाटतो. तसा नाही. पृथ्वीगोल आणा. आमच्याकडचा यजमानांच्या शाळेतला आहे, त्यावर अजून सोव्हिएत संघ अख्खा गुलाबी आहे. चालतं. देश बदलले तरी शहरं जागची हलत नाहीत.

शिलाई मशीनचा पक्का दोरा घ्या. मी आधी हाताशी होता म्हणून गजऱ्याचा घेतला, तो फुगतो आणि घसरतो. इलास्टिक तर नकोच. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. ताणला की तो आपसूक सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. आमचा दोरा कच्छवरून सिंधमध्ये शिरला, अफगाणिस्तान ओलांडून त्या गुलाबी पट्ट्यात गेला (आजचे तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया), मॉस्कोला जवळजवळ चाटून फिनलंडचा दक्षिण भाग, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक, आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याने खाली न्यूयॉर्क. सासूबाई म्हणाल्या, दोरा वाकडा धरलास. मी त्यांच्याच हातात दिला. त्यांचाही आइसलँडवरूनच गेला.

या वाटेला शाळेच्या भूगोलात बृहत्‌वृत्त म्हणतात. गोलाच्या केंद्रातून सपाट सुरी फिरवली तर वर जो काप दिसेल, तेच हे वृत्त. विषुववृत्त हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांतलं सर्वांत कमी अंतर याच वृत्तावरून मोजतात.

आता त्रैराशिक. आमच्या गोलाचं विषुववृत्त त्याच दोऱ्याने मोजलं तर ९५.५ सेंटीमीटर भरलं. मुंबई-न्यूयॉर्क दोरा २९.८ सेंटीमीटर. खऱ्या पृथ्वीचं विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटर. म्हणून २९.८ भागिले ९५.५ गुणिले ४०,०७५, उत्तर साधारण १२,५०५ किलोमीटर. दोऱ्याच्या एका सेंटीमीटरला साधारण चारशेवीस किलोमीटर पडतात, म्हणून मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात चाळीस-बेचाळीस किलोमीटर हलतात. तेवढी झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

अक्षांश-रेखांश घेताना

कॅल्क्युलेटरवर जायचं तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. विमानतळांचेच घ्या. शहराचे घेतले तर शहराचा कुठला भाग यावर आकडा हलतो. मुंबईत सहारचा विमानतळ आणि नवी मुंबईचा विमानतळ या दोन वेगळ्या जागा आहेत. न्यूयॉर्कचा जेएफके आणि नदीपलीकडचा न्यूअर्क यांच्यातच तेहतीसेक किलोमीटर आहेत. नकाशाच्या ॲपमध्ये धावपट्ट्यांच्या मधोमध बोट दाबून धरलं की दोन आकडे मिळतात, ते पुरेत.

जुन्या तक्त्यांत हे अंश-मिनिट-सेकंदांत असतात, आणि माझी निम्मी मुलं इथेच घसरतात. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९ अंश ५ मिनिटं १९ सेकंद उत्तर. याचे १९.०५ होत नाहीत. मिनिटांना साठने आणि सेकंदांना ३,६०० ने भागायचं, मग मिळवायचं. येतात १९.०९. घड्याळाचा हिशेब आहे, साडेपाच म्हणजे ५.३० आणि दशांशात ५.५, तसंच.

तर आपले आकडे असे. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटले. रेखांशांतला फरक हवा असतो. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज करायची: ७२.८७ अधिक ७३.७८, बरोबर १४६.६५. दोन्ही पूर्व किंवा दोन्ही पश्चिम असतील तर वजाबाकी. मी पहिल्या झटक्यात, समोर सासूबाई बसलेल्या आणि गॅसवर कुकर, "पश्चिम" वाचलंच नाही. वजाबाकी केली, फरक आला ०.९१ आणि अंतर आलं २,४०० किलोमीटर. मी मोठ्याने वाचलंही.

"मगे दिल्लीच्या वायच पुढेच की! आणि तिकिटाक एवढे पैसे?"

नंतर ॲटलासमध्ये शोधलं. ४०.६४ उत्तर, ७३.७८ पूर्व ही जागा किरगिझस्तानात आहे, ओश शहराच्या थोडी पूर्वेला. मी लेकीला तिथे नेऊन ठेवली होती. दोऱ्याने आधीच साडेबारा हजार सांगितलं होतं म्हणून चूक लगेच पकडली गेली, नाहीतर सत्तावीस वर्षांची अब्रू वाळवणाबरोबर गच्चीवर सुकली असती.

फरक १८० अंशांपेक्षा जास्त आला तर तो ३६० मधून वजा करा. सॅन फ्रान्सिस्को १२२.३७ पश्चिमेला आहे. मुंबईशी बेरीज होते १९५.२४, म्हणजे दुसऱ्या बाजूने १६४.७६. खरं तर कोसाइन दोन्हींची सारखीच येते, त्यामुळे वजा करायला विसरलात तरी उत्तर बिघडत नाही. पण पृथ्वीला कुठल्या बाजूने वळसा घालतो आहोत हे डोक्यात स्पष्ट राहतं.

आता सूत्र

कॉलेजात त्रिकोणाचा कोसाइन नियम शिकला असाल. हा तोच, फक्त गोलावर काढलेल्या त्रिकोणाचा. तीन कोपरे: एक विमानतळ, दुसरा विमानतळ आणि तिसरा उत्तर ध्रुव. ध्रुवापासून मुंबईपर्यंतची बाजू म्हणजे ९० वजा मुंबईचा अक्षांश. ध्रुवापासून न्यूयॉर्कची तशीच. आणि ध्रुवापाशी होणारा कोन म्हणजे रेखांशांतला फरक. दोन बाजू आणि मधला कोन माहीत, तिसरी बाजू काढायची. वहीत असं लिहा:

कोसाइन(क) = साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(र)

अ१, अ२ हे दोन अक्षांश, र हा रेखांशांतला फरक, आणि क हा पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन विमानतळांमध्ये होणारा कोन. दक्षिण गोलार्धातला अक्षांश असेल, समजा सिडनी किंवा जोहान्सबर्ग, तर तो उणे घ्यायचा.

(जुन्या मराठी पुस्तकांत साइनला ज्या आणि कोसाइनला कोज्या म्हणत. मुलं हसतात. मग मी सांगते की साइन हा शब्द आपल्या ज्यावरूनच निघाला. अरबीत गेला तेव्हा त्याचा उच्चार बदलला, लॅटिनमध्ये नेताना अरबी शब्द चुकीचा वाचला गेला, आणि त्या चुकीच्या अर्थाचं भाषांतर होऊन सायनस झाला.)

कॅल्क्युलेटर हातात घेतला की सर्वांत आधी साइन ३० दाबा. उत्तर ०.५ आलं पाहिजे. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) आहे, अंशांत आणा. फोनवरचा चालतो, आडवा धरला की बहुतेक फोनांत साइन-कोसाइनची बटणं दिसतात. एक्सेलसारख्या शीटमध्ये करणार असाल तर ती मुळातच रेडियन मागते, प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलून द्यावा लागतो आणि शेवटी आलेला कोन परत अंशांत.

साइन १९.०९ म्हणजे ०.३२७१, साइन ४०.६४ म्हणजे ०.६५१३. गुणाकार ०.२१३०.

कोसाइन १९.०९ म्हणजे ०.९४५०, कोसाइन ४०.६४ म्हणजे ०.७५८८, आणि कोसाइन १४६.६५ म्हणजे उणे ०.८३५३. तिघांचा गुणाकार उणे ०.५९९०. हा उणे गिळू नका. ९० अंशांहून मोठ्या कोनाची कोसाइन उणेच असते.

बेरीज उणे ०.३८६०. याची उलटी कोसाइन घेतली की कोन ११२.७१ अंश. इथे मी चार घरांपर्यंत आकडे लिहिले ते वाचायला सोपं जावं म्हणून. तुम्ही कॅल्क्युलेटरमध्ये सगळे ठेवा, मधेच पूर्णांकन करू नका.

आता कोनाचं अंतर. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर पूर्ण वेढा ४०,०३० किलोमीटर, त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला १११.१९५ किलोमीटर. ११२.७१ ला त्याने गुणा: साधारण १२,५३० किलोमीटर. दोऱ्याने १२,५०५ सांगितलं होतं. आइसलँडवर दोरा वाकडा धरल्याचा आरोप तेव्हाच मागे घेण्यात आला.

वैमानिक नॉटिकल मैलांत बोलतात, आणि त्यांचा हिशेब तर आणखी सुटसुटीत. कोनाच्या एका मिनिटाला एक नॉटिकल मैल, अशीच ती कल्पना बेतलेली आहे. म्हणून ११२.७१ गुणिले ६०, जवळपास ६,७६३ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. परत गुणून बघाल तर आठ-नऊ किलोमीटर कमी येतील, कारण त्या मैलामागचा पृथ्वीचा वेढा किंचित लहान धरलेला आहे.

उत्तर आल्यावर एक जुजबी पडताळा. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं २०,०१५ किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, अर्धा वेढा तेवढाच. त्याहून मोठा आकडा आला तर कुठेतरी बटण चुकलं. मुंबईच्या बरोबर उलट्या टोकाला, १९.०९ दक्षिण, १०७.१३ पश्चिम, पॅसिफिकचं नुसतं पाणी आहे.

हे सूत्र लांबच्या अंतरांसाठी उत्तम. मुंबई-पुण्यासारख्या जवळच्या जोडीला कोसाइन इतकी एकच्या जवळ जाते की साध्या कॅल्क्युलेटरचे आकडे अपुरे पडतात. तिथे हॅवरसाइन नावाचं दुसरं सूत्र वापरतात. पण पुण्याला विमानाने जाणाऱ्यांसाठी मी काही लिहिणार नाही.

आणखी एक. पृथ्वी नीट गोल नाही. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांपाशी ६,३५७ किलोमीटर. गोल धरल्याने चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. आपल्या आकड्यावर ती जास्तीत जास्त साठ-एक किलोमीटर, सीएसएमटी ते कल्याणच्या आसपास. साइटवर १२,५४० किंवा १२,५५० दिसलं तर ते यामुळे. भारताच्या मोजणीसाठी पृथ्वीचा हा चपटेपणा धरून जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये आकडे बसवले होते, तोच एव्हरेस्ट, शिखरवाला. आज उपग्रहांवरून ठरवलेले आकडे वापरतात.

विमान प्रत्यक्षात किती उडतं

इथपर्यंत काढलं ते कमीत कमी अंतर. भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेने, होकायंत्राची दिशा न बदलता गेलं असतं तर मुंबई-न्यूयॉर्क १४,२०० किलोमीटर पडलं असतं. म्हणजे मॉस्को-आइसलँडचा "वळसा" जवळजवळ सतराशे किलोमीटर वाचवतो. हे समजलं की मग कोणी सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेला जाताना बघून घाबरत नाही.

पण ती वाट मोकळी पाहिजे. आमच्या दोऱ्याने कुठले देश ओलांडले ते परत वाचा. पाकिस्तानने २०२५ च्या एप्रिलात भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९ मध्येही काही महिने केलं होतं. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर युरोपातल्या बहुतेक देशांच्या आणि अमेरिकेच्या विमानांना बंदी घातली, भारतीय विमानांना घातली नाही. त्यामुळे एकाच दिवशी त्याच दोन विमानतळांमध्ये कोणाचं विमान कुठून जाईल हे विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचं नाव आहे यावर ठरू शकतं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान २०२३ च्या जूनमध्ये बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादानला उतरलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की दिल्ली-कॅलिफोर्निया वाट तिकडून जाते. पृथ्वीगोलावर दोरा धरलेल्याला नवल वाटलं नसतं.

अशा वळणाच्या वाटेचं अंतर काढायचं तर वाटेचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला तेच सूत्र लावा आणि बेरीज करा. थांबे घेत जाणाऱ्या तिकिटालाही हेच. मी लंडन आणि दुबई दोन्ही करून बघितलं. मुंबई-लंडन हीथ्रो ७,२१२, तिथून जेएफके ५,५४०, बेरीज १२,७५२. मुंबई-दुबई १,९२७, दुबई-जेएफके ११,००२, बेरीज १२,९२९. थेटपेक्षा लंडनमार्गे जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त, आणि दुबईमार्गे चारशे. नकाशात दुबई "वाटेत" दिसते आणि लंडन आडवाटेला, तरीही. दुबईला उतरायला लागतं ते तिकीट स्वस्त म्हणून, जवळ म्हणून नव्हे. लेकीने दोन्ही केलं आहे, ती म्हणते फरक फक्त विमानतळावरच्या कॉफीच्या किमतीत कळतो.

तासांवरून उलटं अंतर काढायला जाऊ नका. साधारण ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर १२,५३० ला चौदा तास होतात, प्रत्यक्षात मुंबईहून जाताना पंधरा-सोळा लागतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून लेक येते लवकर आणि जाते उशिरा. सासूबाईंच्या मते याला वाऱ्याचा काही संबंध नाही.

बृहत्‌वृत्ताचा हा आकडा नुसता वहीत राहणारा नाही. उड्डाण रद्द झालं किंवा फार उशिरा पोचलं तर प्रवाशाला किती भरपाई द्यायची, हे युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात अंतरावरून ठरतं, आणि ते अंतर याच पद्धतीने मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. विमान कुठून वळसा घालून गेलं याच्याशी त्याला घेणं नाही.

तर वही घेऊन मी गच्चीवर गेले आणि सांगितलं, माई, बारा हजार पाचशे तीस किलोमीटर. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आकडा फार मोठा झाला की तो नुसता आवाज होतो. मग मी म्हटलं, मुंबई-सावंतवाडी रस्त्याने साधारण पाचशे धरा. गणपतीला जाऊन-येऊन हजार.

त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. वरून एक विमान चाकं काढून गेलं, त्याचा आवाज जाईपर्यंत थांबल्या.

"साडेबारा गणपती," म्हणाल्या. "मगे बारावीच्या टायमाक गेलेली ती पहिलीत असतानापासून वर्षाक एक धरून चालत सुटली असती, तर आत्ता पोचली असती." आणि कुरडयांची परात उचलून जिना उतरायला लागल्या.